पाळकाची लेक : हॅटी मॅक्डॅनिएल

१८६४ सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराच्या वेशीवर दोन दिवस घनघोर लढाई झाली. यादवी युद्ध संपत आले होते. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची एक मोठी फौज अटलांटा शहर सोडून, मजल दरमजल करीत उत्तरेकडे आली होती आणि येथे तिचा धुव्वा उडाला. विजयी झालेल्या उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय शिपायांच्या काही पलटणी होत्या. त्यांपैकी बाराव्या पलटणीत हेन्री मॅक्डॅनिएल नावाचा एक तरुण होता. तो जन्माने गुलाम. त्या लढाईत त्याच्या जबड्याला जबर दुखापत झाली आणि तिचा त्रास त्याने जन्मभर सोसला. पुढे सैनिकाचे निवृत्तिवेतन मिळावे म्हणून त्याला सरकारदरबारी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. गुलामाच्या पोराजवळ जन्माचा दाखला नाही, नावाचा पुरावा नाही, मग साक्षीदार आणा, वैद्याचा कागद आणा, असे चालले होते. म्हातारपणी अखेर थोडीशी रक्कम हाती पडू लागली.

हा हेन्री पुढे बाप्तिस्त मंडळीत उपदेशक झाला. त्याची पत्नी सुझन उपासनेत भक्तिगीते गात असे. या जोडप्याला तेरा अपत्ये झाली, त्यांतली पुष्कळशी लहानपणीच दगावली. शेंडेफळ हॅटी. तिचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा गावी झाला.

नटीचे चरित्र या पानांत कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. वाटले तर त्यात त्याची चूक नाही. परंतु ज्या मुलीच्या बापाने दक्षिणेच्या फौजेशी लढताना जबडा मोडून घेतला, त्याच मुलीला जगभर कीर्ती मिळाली ती त्या दक्षिणेच्या वैभवासाठी उसासे टाकणाऱ्या चित्रपटातून, मालकिणीच्या वेण्या घालणारी गुलाम आया होऊन. ही गाठ एका मनुष्याच्या आयुष्यात कशी पडली, आणि ती सोडवताना त्या बाईने काय केले, हे सांगण्याजोगे आहे.

हॅटी लहान असतानाच कुटुंब कोलोराडो राज्यात गेले आणि डेन्व्हर शहरी स्थिरावले. तिकडच्या शाळांत गोरी व काळी मुले एकत्र बसत. दक्षिणेत त्या काळी हे स्वप्नातही शक्य नव्हते. हॅटीचा गळा उत्तम आणि तोंड कधी बंद नाही. घरी काम करताना ती सारखी गात असे. १९१० साली ख्रिस्ती महिलांच्या मद्यपाननिषेध संघाने एक पाठांतर स्पर्धा घेतली. हा तोच संघ, ज्याच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी आपल्या पंडिता रमाबाईंचा अमेरिकेतील वास्तव्यात स्नेह जडला होता. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या एका कैद्याची कहाणी हॅटीने अशी काही म्हटली की सुवर्णपदक तिलाच मिळाले. समोरचे श्रोते बहुतेक गोरे होते. एवढ्या लोकांना आपण आपल्या आवाजाने रडवू शकतो, हे सतरा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी कळले. तिने शाळा सोडली आणि थोरला भाऊ ओटिस याच्या नाटकमंडळीत ती सामील झाली.

पुढची वीस वर्षे भटकंतीची. १९१४ साली बहीण एटा हिच्याबरोबर तिने फक्त स्त्रियांची एक विनोदी मंडळी काढली. गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची टिंगल करावी, ही तेव्हाची लोकप्रिय करमणूक. या बहिणी तीच सोंगे उलटी करून दाखवीत आणि प्रेक्षकांतल्या काळ्या लोकांना त्यातली गोम बरोबर कळे. नंतर जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदाबरोबर गाणे, डेन्व्हर रेडिओवर गाणे, ग्रामोफोनच्या काही तबकड्या, असे चालले. संसार मात्र टिकला नाही. १९११ साली लग्न झाले, चार वर्षांत नवरा वारला. १९२२ साली दुसऱ्यांदा लग्न केले, तोही थोड्याच काळात गेला. त्याच वर्षी वडीलही वारले.

१९२९ साली अमेरिकेची आर्थिक घडी कोसळली आणि नाटकमंडळ्या रस्त्यावर आल्या. हॅटीबाई तेव्हा मिल्वॉकी शहरात होत्या. छत्तीस वर्षांच्या, पाठीशी पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, आणि काम मिळाले ते एका क्लबात स्त्रियांच्या प्रसाधनगृहात टॉवेल देण्याचे. एका रात्री गाणारी मंडळी निघून गेली. मालकाने विचारले, कुणी गाईल का? हॅटीबाई टॉवेल ठेवून वर गेल्या आणि गायल्या. त्यानंतर त्या तेथे सुमारे दोन वर्षे गात राहिल्या. टॉवेल पुन्हा हाती घ्यावा लागला नाही. निदान मिल्वॉकीत तरी नाही.

१९३१ साली त्या लॉस एंजेलिसला आल्या. भाऊ सॅम आणि बहीण एटा तेथे आधीच चित्रपटांत किरकोळ कामे करीत होती. सॅमने रेडिओच्या एका कार्यक्रमात बहिणीला काम मिळवून दिले. श्रोत्यांना त्यांचा आवाज फार आवडला, पण पगार इतका तुटपुंजा होता की दिवसा लोकांच्या घरी धुणीभांडी करावी लागत. मग चित्रपटांत कामे मिळू लागली आणि तेथेही भूमिका तीच : मोलकरीण, स्वयंपाकीण, आया. कित्येक चित्रपटांत श्रेयनामावलीत त्यांचे नावही नाही. वास्तवात मोलकरीण राहून जे मिळते त्याच्या कितीतरी पट मोलकरणीचे सोंग करून मिळते, हा हिशेब त्या पुढे सगळ्यांना खुशाल ऐकवीत.

सोंगातही सोंग असते. १९३५ सालच्या ‘अ‍ॅलिस अ‍ॅडम्स’ या चित्रपटात कॅथरिन हेपबर्न यांनी एका गरीब गोऱ्या घरातल्या, पण मोठेपणाचा आव आणणाऱ्या मुलीचे काम केले आहे. पाहुण्यांसाठी एका रात्रीपुरती मोलकरीण आणतात. ती हॅटीबाई. उकाडा मरणाचा, टोपी डोक्यावरून घसरते आहे, आणि ती बाई वाढताना एकही शब्द न बोलता चेहऱ्यावरून सांगते की या घरातला सगळा डौल तिला पुरता कळला आहे. पाहणारे पोट धरून हसतात. कुणाला हसलो हे नंतर लक्षात येते. दुसऱ्या वर्षी ‘शो बोट’मध्ये पॉल रॉबसन यांच्यासारख्या थोर गायकाबरोबर त्या झळकल्या.

‘गॉन विथ द विंड’ ही मार्गारेट मिचेल यांची कादंबरी १९३६ साली निघाली आणि तिच्यावर डेव्हिड सेल्झनिक यांनी चित्रपट काढायचे ठरवले, तेव्हा त्यातल्या मॅमी नावाच्या आयेच्या भूमिकेसाठी अर्जांचा पाऊस पडला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या घरच्या मोलकरणीचेही नाव पुढे आले होते. हॅटीबाई चाचणीला गेल्या त्या आयेच्या अस्सल पोशाखात. भूमिका त्यांना मिळाली. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी या चित्रपटाविरुद्ध आधीच आवाज उठवला होता. त्या दडपणामुळे त्यांना हिणवणारा एक घाणेरडा शब्द पटकथेतून काढण्यात आला. पण कथेचा सूर बदलला नाही. गुलाम सुखी होते, मालक मायाळू होते आणि उत्तरेच्या सैन्याने येऊन सगळे धुळीस मिळवले, हाच तो सूर. अटलांटा पेटते आणि दक्षिणेची फौज शहर सोडून जाते, तो देखावा पाहून असंख्य प्रेक्षकांचा ऊर भरून आला. तीच फौज साडेतीन महिन्यांनी नॅशव्हिलला हेन्री मॅक्डॅनिएलच्या पलटणीसमोर उभी राहिली होती.

लेकीच्या मनात हे आले नसेल काय? चित्रपटात त्यांचे काम पाहावे. ही मॅमी लाचार नाही. मालकिणीला दटावते, तिचे खोटेपण तोंडावर सांगते, क्लार्क गेबलसारख्या नायकाला तोलून पाहते. आणि लहानगी मुलगी मेल्यावर जिना चढता चढता घरातले दुःख ती सांगते, तेव्हा तो सगळा चार तासांचा डामडौल त्या बाईच्या आवाजापुढे फिका पडतो. तरीही मला वाटते, चित्रपटाने गुलामगिरीवर जो मुलामा चढवला, त्याला त्यांच्या उत्तम अभिनयाने बळच दिले. वाईट नटी असती तर तो मुलामा इतका खरा वाटला नसता.

चित्रपटाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे झाला. जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे कडक होते, म्हणून हॅटीबाई किंवा दुसऱ्या कोणाही कृष्णवर्णीय कलावंताला बोलावले नाही. तेथे वाटण्याच्या पुस्तिकेवरून त्यांचे छायाचित्रही गाळण्यात आले. गेबल हे ऐकून आपणही जाणार नाही म्हणून अडून बसले होते आणि हॅटीबाईंनीच त्यांची समजूत घातली, असे सांगतात. आदल्या रात्री गोऱ्या प्रतिष्ठितांसाठी मोठा समारंभ झाला. तेथे गाण्यासाठी एबेनेझर बाप्तिस्त मंडळीचा गायकवृंद गुलामांचा वेष घालून उभा होता. त्यात पाळकांचा दहा वर्षांचा मुलगाही होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. मंडळीला तेथे गायला नेले म्हणून त्याच्या वडिलांना इतर कृष्णवर्णीय पाळकांकडून बोल ऐकावे लागले. एका पाळकाच्या मुलीला त्या शहरात यायला बंदी, आणि दुसऱ्या पाळकाचा मुलगा गुलामाच्या कपड्यांत!

२९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसॅडर हॉटेलात ऑस्कर पारितोषिकांचा समारंभ झाला. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. सेल्झनिक यांनी रदबदली केली तेव्हा हॅटीबाईंना आत घेतले, पण चित्रपटातील इतर मंडळींच्या मेजावर नव्हे. दूर भिंतीलगत एक लहानसे मेज मांडले होते, तेथे त्या आपल्या सोबत्याबरोबर बसल्या. केसांत गार्डेनियाची पांढरी फुले होती. साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांच्या नावाने पुकारले गेले. ते मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. भिंतीपासून व्यासपीठापर्यंतची वाट लांब होती. त्यांनी चार वाक्यांत आभार मानले, आपण आपल्या वंशाला आणि चित्रपटव्यवसायाला भूषण ठरावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि गळा भरून आल्यामुळे डोळे पुसत खाली उतरल्या. साहाय्यक कलावंतांना तेव्हा पुतळी देत नसत, एक पट्टिका देत. ती घेऊन त्या पुन्हा भिंतीजवळच्या मेजाशी गेल्या. दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडावे लागले.

पारितोषिकानंतर भूमिका बदलल्या का? नाही. उलट मॅमीच्याच वेषात त्यांना गावोगावच्या चित्रपटगृहांतून फिरवण्यात आले. १९४२ साली ‘इन धिस अवर लाइफ’मध्ये एक बरी संधी मिळाली. शिकणाऱ्या मुलावर गोऱ्या बाईने खोटा आळ घेतला आहे आणि त्याची आई तो शांतपणे सांगते आहे, एवढीच ती भूमिका, पण पाहणाऱ्याला विसरता येत नाही. बाकी पुन्हा एप्रन आणि टोपी. आता दुसऱ्या बाजूनेही मारा सुरू झाला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट हॉलिवुडला आले आणि निर्मात्यांना भेटून म्हणाले की मोलकरणी आणि गडी दाखवणे आता पुरे. मागणी रास्त होती. पण त्यांनी त्याच भूमिकांवर पोट भरणाऱ्या नटनट्यांना विचारले नव्हते. व्हाइट यांचा वर्ण इतका गोरा होता आणि डोळे इतके निळे होते की अनोळखी माणूस त्यांना गोराच समजे. हॅटीबाईंना हे झोंबले. आयुष्यभर ज्या रंगामुळे एकच दार उघडे मिळाले, ते दार बंद करा असे सांगणारा माणूस हव्या त्या दाराने आत जाऊ शकत होता. युद्धकाळात कृष्णवर्णीय सैनिकांच्या करमणुकीसाठी कलावंतांची जी समिती झाली, तिच्या त्या प्रमुख होत्या. ते काम त्यांनी जिवापाड केले. वृत्तपत्रांतली टीका थांबली नाही.

घरचेही सुख दुरावले. १९४१ साली त्यांनी तिसरे लग्न केले. १९४४ साली पन्नाशी ओलांडलेल्या हॅटीबाईंनी आनंदाने जाहीर केले की आपल्याला मूल होणार. मैत्रिणींनी बाळाची झबली, दुपटी आणून दिली. काही महिन्यांनी वैद्यांनी सांगितले की गर्भ नाहीच, तो शरीराचा भास आहे. या धक्क्यातून त्यांचे मन पुरते सावरले नाही. नवऱ्यापासून १९४५ साली घटस्फोट झाला. पुढे केलेले चौथे लग्नही वर्षभरात मोडले.

त्याच १९४५ साली त्यांच्यावर दावा गुदरण्यात आला होता. युद्धाच्या वर्षांत त्यांनी लॉस एंजेलिसच्या वेस्ट अ‍ॅडम्स हाइट्स भागात सतरा खोल्यांचे एक टुमदार घर घेतले होते. कमावते कृष्णवर्णीय डॉक्टर, व्यापारी, कलावंत तेथे राहू लागले आणि त्या टेकडीला लोक ‘शुगर हिल’ म्हणू लागले. काही गोऱ्या शेजाऱ्यांना हे खपेना. जुन्या खरेदीखतांत अशी अट घातली होती की ही जागा गोऱ्यांखेरीज कोणास देऊ नये. त्या अटीवर बोट ठेवून त्यांनी या कुटुंबांना घराबाहेर काढण्याची मागणी केली. पडद्यावर मालकिणीपुढे मान हलवणारी बाई येथे स्वस्थ बसली नाही. त्यांनी शेजाऱ्यांना आपल्या दिवाणखान्यात जमवले, बैठकांमागून बैठका घेतल्या, आणि लोरन मिलर या कृष्णवर्णीय वकिलाकडे खटला सोपवला. डिसेंबरात सुनावणी झाली तेव्हा न्यायालय समर्थकांनी भरून गेले होते. न्यायाधीश थर्मंड क्लार्क हे स्वतः तो भाग पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दावा फेटाळला. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीयांना जे हक्क दिले आहेत ते द्यायला न्यायाधीशांनी फार दिवस टाळाटाळ केली, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

ही चौदावी दुरुस्ती १८६८ सालची, यादवी युद्धातून निघालेली. ज्या युद्धात बाप लढला त्याचे फळ लेकीला सत्त्याहत्तर वर्षांनी, स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर मिळाले. तीन वर्षांनी, १९४८ साली, अशा अटी कोणत्याही न्यायालयाने अमलात आणू नयेत असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या लढ्यातही लोरन मिलर होते.

१९४७ साली रेडिओवरील ‘ब्यूला’ ही मालिका हॅटीबाईंकडे आली. ब्यूला हीही मोलकरीणच. गंमत अशी की तोवर या काळ्या मोलकरणीचा आवाज गोरे पुरुष काढीत असत. हॅटीबाईंनी करारात लिहून घेतले की आपण मोडक्यातोडक्या गावंढळ भाषेत बोलणार नाही आणि न पटलेला मजकूर बदलण्याचा आपल्याला हक्क राहील. रेडिओ मालिकेची नायिका झालेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. घरोघर लोक ती मालिका ऐकत. पुढे ती दूरचित्रवाणीवर आली. तेथे पहिल्यांदा ब्यूला झाल्या त्या एथेल वॉटर्स, शुगर हिलच्या खटल्यात त्यांच्या बरोबर असलेल्या गायिका. १९५१ साली ते काम हॅटीबाईंनी हाती घेतले. सहा भागांचे चित्रण झाले आणि हृदयाने दगा दिला. पाठोपाठ स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. चित्रपट व्यवसायातील लोकांसाठी असलेल्या रुग्णालयात २६ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांनी देह ठेवला. वय ५९.

मृत्युपत्रात त्यांनी पांढरी शवपेटी आणि पांढरी गार्डेनियाची फुले मागितली होती. ती मिळाली. अंत्यविधीला हजारो माणसे लोटली. हॉलिवुडच्या दफनभूमीत, इतर कलावंतांच्या शेजारी आपल्याला पुरावे, अशी त्यांची दुसरी इच्छा होती. तेथे कृष्णवर्णीयांना जागा नाही, असे उत्तर मिळाले आणि त्यांना रोझडेल दफनभूमीत ठेवण्यात आले. मागे राहिलेली थोडीशी मिळकत कराच्या थकबाकीत गेली. ऑस्करची पट्टिका त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती. कृष्णवर्णीयांसाठी यादवी युद्धानंतर निघालेले हे विद्यापीठ. तेथे नाट्यविभागात ती काही वर्षे मांडून ठेवली होती. पुढे १९७० च्या आसपास ती दिसेनाशी झाली. कोणी नेली, कोठे गेली, याचा पत्ता लागला नाही.

हॉलिवुडच्या त्या दफनभूमीचे मालक पुढे बदलले. नव्या मालकाने १९९९ साली हॅटीबाईंचे अवशेष आणून सन्मानाने पुरण्याची तयारी दाखवली. नातलगांनी नको म्हटले, त्यांना जेथे आहेत तेथेच राहू द्या. म्हणून तळ्याकाठच्या हिरवळीवर त्यांच्या नावाचा एक स्मृतिस्तंभ तेवढा उभारला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑस्कर देणाऱ्या संस्थेने हॉवर्ड विद्यापीठात समारंभ करून हरवलेल्या पट्टिकेच्या जागी नवी पट्टिका दिली. ती पुन्हा नाट्यविभागातच ठेवायची ठरली, जेथे नाटक शिकणाऱ्या मुलामुलींना ती येता-जाता दिसेल.